सर्टिफिकेटला एक्सपायरी डेट कुणी लावली?

आजचा भाग एका ईमेलमुळे सुचला. गेल्या मंगळवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये होतो, चांदणी चौकात नेहमीसारखं सगळं ठप्प, आणि मोबाईलवर मेल येऊन पडला: तुमचं क्लाऊडचं सर्टिफिकेट नव्वद दिवसांत संपतंय. तीन वर्षांपूर्वी दोन महिने रात्री जागून मी ती परीक्षा दिली होती. मनात पहिलं काय आलं सांगू? माझी बीटेकची डिग्री संपत नाही, दहावीचं मार्कशीट संपत नाही, मग हेच काय दुधाच्या पिशवीसारखं?

दुपारी डबा खाताना टीममध्ये विषय काढला, तर लगेच दोन तट पडले. एकीचं म्हणणं, बरोबरच आहे, तीन वर्षांत निम्म्या सर्व्हिसेस बदलल्या, जुन्या परीक्षेला काय अर्थ? दुसरा म्हणाला, अरे सगळा पैसे उकळायचा धंदा आहे. मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. पण नंतर वाचत बसलो तेव्हा कळलं, की हे भांडण फार जुनं आहे. यावरून दोनदा मोठा गदारोळ झालाय आणि दोन्ही वेळा नियम करणाऱ्यांना माघार घ्यावी लागलीये. त्यातला एक किस्सा तर आमच्या घरातच घडला होता, मला माहीत नव्हतं.

सुरुवात थोडी मागून करू. कॉम्प्युटरवाल्यांची धंदेवाईक परीक्षा ही काही इंटरनेटनंतरची गोष्ट नाही. अमेरिकेत १९६२ साली सीडीपी म्हणजे 'सर्टिफिकेट इन डेटा प्रोसेसिंग' नावाची परीक्षा सुरू झाली होती. पंच कार्डांचा जमाना. पण ती परीक्षा 'या माणसाला डेटा प्रोसेसिंग कळतं का' एवढं विचारायची. कुठल्या एका कंपनीच्या मालाशी तिचा संबंध नव्हता.

आपल्याला माहीत असलेलं सर्टिफिकेट वेगळं आहे. ते मालाला चिकटलेलं असतं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस नॉव्हेल कंपनीने आपल्या नेटवेअरसाठी इंजिनियर प्रमाणित करायला सुरुवात केली. तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं नेटवर्क म्हणजे नेटवेअर, असा मामला होता. कंपनीला यात दुहेरी फायदा. आपला माल बसवणारी आणि दुरुस्त करणारी माणसं बाजारात तयार होतात, तीही स्वतःच्या खर्चाने. आणि ती माणसं पुढच्या ऑफिसातही तोच माल सुचवतात. मग १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपली सर्टिफिकेटं सुरू केली, १९९३ मध्ये सिस्कोने सीसीआयई आणली, आणि त्याच साली कॉम्पटिया या संघटनेने हार्डवेअर दुरुस्त करणाऱ्यांसाठी ए प्लस काढली.

इथे लक्ष द्या, कारण फाटा इथेच फुटतो. सिस्कोने सीसीआयईला मुदत घातली: दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्या. नाही दिलीत तर एक वर्ष सस्पेंड, आणि त्यातही नाही जमलं तर सगळं पहिल्यापासून, लॅबसकट. ती लॅब म्हणजे काय चीज आहे हे नेटवर्किंगवाल्यांना विचारा. २००१ पर्यंत दोन दिवसांची असायची, मग एका दिवसाची, आठ तासांची झाली. समोर राऊटर, हातात प्रश्नपत्रिका, आणि नेटवर्क चालू करून दाखवायचं. तरी सीसीआयईवाल्यांनी मुदतीवरून कधी रस्त्यावर येण्याइतका आरडाओरडा केला नाही, कारण नियम आत शिरतानाच माहीत होता. कॉम्पटियाने याच्या अगदी उलट केलं. ए प्लस एकदा पास झालात की जन्मभर.

मायक्रोसॉफ्टचं मधलंच काहीतरी होतं, आणि तिथेच पहिली ठिणगी पडली.

आता मामाची गोष्ट. माझा मामा नाशिकचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नाक्यानाक्यावर कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, त्यातल्या एकात त्याने एमसीएसईचा कोर्स केला. पतसंस्थेचं कर्ज काढून, आजोबांना जामीन ठेवून. विंडोज एनटी ४.० वरची एमसीएसई म्हणजे सहा परीक्षा, चार सक्तीच्या आणि दोन निवडीच्या. एकेक करत त्याने त्या २००० च्या मार्चपर्यंत संपवल्या आणि सातपूरला एका कारखान्याच्या सर्व्हर रूममध्ये त्याला नोकरी लागली. आजीने सर्टिफिकेटला फ्रेम करून देवघराशेजारी लावली. कर्जाचे हप्ते अजून चालूच होते.

त्याच वर्षी फेब्रुवारीत विंडोज २००० बाजारात आलं होतं. आणि मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की एनटी ४.० वाल्या एमसीएसईंनी २००१ च्या अखेरपर्यंत विंडोज २००० च्या परीक्षा द्याव्यात, नाहीतर ३१ डिसेंबर २००१ नंतर ते एमसीएसई राहणार नाहीत. म्हणजे मामाची फ्रेम पावणेदोन वर्षांत रद्दी.

सोबत एक गाजरही होतं. ७०-२४० नावाची एकच मोठी परीक्षा. ती पास झालात तर विंडोज २००० च्या चार मुख्य परीक्षा माफ. फी शून्य. पण अट अशी, की आयुष्यात एकदाच बसता येणार. नापास झालात तर त्या चारही परीक्षा वेगवेगळ्या, स्वतःच्या पैशाने द्या. शिवाय उरलेल्या वरच्या परीक्षा होत्याच, कारण विंडोज २००० ची एमसीएसई सात परीक्षांची होती.

मामा ७०-२४० ला बसला आणि नापास झाला. परवा फोनवर विचारलं तर म्हणाला, 'अरे, चार तास त्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीबद्दल विचारत होते आणि आमच्या कारखान्यात ती आलीच नव्हती. पुस्तकात वाचून कसं येणार?'

त्याच्या या वाक्यात त्या वेळच्या सगळ्या भांडणाचं सार आहे. जगभरातल्या कंपन्या तेव्हा एनटी ४.० वरच चालत होत्या. विंडोज २००० वर जाणं म्हणजे अख्ख्या नेटवर्कची मांडणी बदलणं. ते कुणी एका रात्रीत करत नव्हतं. त्यात डॉट-कॉमचा फुगा फुटलेला, ट्रेनिंगचं बजेट सगळ्यात आधी कापलं गेलेलं. आणि गंमत बघा, खुद्द मायक्रोसॉफ्ट एनटी ४.० सर्व्हरला २००४ च्या अखेरपर्यंत सपोर्ट देत राहिली. म्हणजे माल २००४ पर्यंत चालणार, पण तो चालवणाऱ्या माणसाचं सर्टिफिकेट २००१ मध्येच बाद! मग आमचा माल घ्यायला ग्राहकाला ढकलण्यासाठी तुम्ही आमच्या गळ्याला दोरी बांधताय का, असा सवाल लोकांनी केला. मला तो सवाल चुकीचा वाटत नाही.

ओरड वर्षभर चालली. शेवटी ऑक्टोबर २००१ मध्ये, म्हणजे मुदत संपायला तीन महिनेही उरले नसताना, मायक्रोसॉफ्टने निर्णय फिरवला. एनटी ४.० ची सर्टिफिकेटं रद्द होणार नाहीत. त्याऐवजी सर्टिफिकेटावर आवृत्तीचं नाव लिहिलं जाईल: 'एमसीएसई, विंडोज एनटी ४.०' वेगळं आणि 'एमसीएसई, विंडोज २०००' वेगळं. ज्याला जो माणूस हवा, त्याने तो वाचून घ्यावा. मामाला ही बातमी कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत कळली. तो म्हणतो, त्या दिवशी येताना त्याने अर्धा किलो जिलबी आणली आणि कुणाला कारणच सांगितलं नाही, कारण घरी कुणाला माहीतच नव्हतं की फ्रेम जाणार होती.

मला स्वतःला हा आवृत्ती लिहिण्याचा तोडगा सगळ्यात प्रामाणिक वाटतो. जावाचं उदाहरण घ्या. आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठ्या असलेल्या कित्येक सीनियर लोकांकडे सनची 'एससीजेपी १.४' आहे. तिला मुदत नाही. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने गिळली, तरी सर्टिफिकेट जिवंत. पण इंटरव्ह्यू घेणारा '१.४' वाचतो आणि त्याला कळतं की या परीक्षेत जेनेरिक्स नव्हते, कारण ते २००४ च्या जावा ५ मध्ये आले; लॅम्डा तर २०१४ च्या जावा ८ मध्ये. कागद खोटं बोलत नाही, वाचणाऱ्याला वाचता आलं पाहिजे, एवढंच.

पण हा तोडगा सगळीकडे चालत नाही. सिक्युरिटीचं काय करायचं? कॉम्पटियाची सिक्युरिटी प्लस २००२ मध्ये सुरू झाली. आयफोन आला २००७ मध्ये. एडब्ल्यूएसच्या पहिल्या सेवा आल्या २००६ मध्ये. २००२ मध्ये पास झालेला माणूस दहा वर्षांनी 'मी प्रमाणित सुरक्षा तज्ज्ञ' म्हणून उभा राहतो, आणि त्याच्या कागदावर आवृत्ती नाही, मुदत नाही, फक्त नाव. चोर मात्र दर आठवड्याला नवीन शिकतोय. इथे 'जन्मभर' हा शब्द मलाच खटकतो.

तो आणखी एकाला खटकत होता, आणि हा गिऱ्हाईक साधासुधा नव्हता: अमेरिकेचं संरक्षण खातं. त्यांनी २००० च्या दशकाच्या मध्यात नियम केला, की माहितीच्या सुरक्षेशी संबंधित काम करणाऱ्या प्रत्येकाकडे, मग तो सैनिक असो वा कंत्राटदार, ठरावीक सर्टिफिकेट हवं. त्या यादीत ए प्लस, नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लस तिन्ही होत्या. आणि परीक्षा घेणारी व्यवस्था आयएसओच्या १७०२४ या मानकात बसणारी हवी होती. हे मानक माणसांना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आहे, आणि त्यात पुन्हा तपासणीची सोय असावी लागते. जन्मभराचं सर्टिफिकेट आणि हे मानक, दोन्ही एका म्यानात बसणं कठीण.

म्हणून जानेवारी २०१० मध्ये कॉम्पटियाने जाहीर केलं: या तिन्ही सर्टिफिकेटांना आता तीन वर्षांची मुदत. इथपर्यंत ठीक. पण पुढचं वाक्य असं होतं, की आधी पास झालेल्यांनाही हाच नियम.

बस्स. पुन्हा तोच भडका. ए प्लस करणारे कोण होते? कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करणारी पोरं, हेल्पडेस्कवाले, पस्तिशीत नोकरी गमावून नवीन धंद्यात शिरलेले लोक. त्यांना सांगितलं होतं की हे जन्मभराचं आहे, म्हणून त्यांनी पैसे भरले होते. मालाची किंमत घेऊन झाल्यावर तुम्ही करार बदलता? महिनाही उलटला नाही आणि कॉम्पटियाने माघार घेतली. नवा नियम ठरला: ३१ डिसेंबर २०१० पर्यंत जे पास होतील ते जन्मभर पास, १ जानेवारी २०११ पासून जे होतील त्यांना तीन वर्षं. त्या वर्षाच्या शेवटी परीक्षेला बसणाऱ्यांची धावपळ झाली नसती तरच नवल.

आता या कथेतली सगळ्यात बोचरी गोष्ट ऐका. 'जन्मभर'वाले जिंकले, पण ज्यांना संरक्षण खात्याचं काम करायचं होतं त्यांना तरीही मुदतीच्या योजनेत नाव घालावं लागलं. कॉम्पटियाच्या लेखी त्यांचं सर्टिफिकेट अमर, आणि सगळ्यात मोठ्या मालकाच्या लेखी अपुरं. म्हणजे मुदत आहे की नाही हे कागदावर छापलेलं असलं, तरी ते ठरवतो पगार देणारा.

हीच युक्ती डॉक्टरांच्या बाबतीत आधी वापरली गेली होती, हे मला वाचताना कळलं. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिनच्या बोर्डाने १९९० पासून सर्टिफिकेटला दहा वर्षांची मुदत घातली, आणि त्याआधीच्यांना जन्मभराची सूट दिली. म्हणजे म्हातारे डॉक्टर सुटले, तरुण अडकले. आपल्याकडेही महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी क्रेडिट पॉइंट गोळा करावे लागतात. तुमच्या ओळखीचे डॉक्टर रविवारी हॉटेलात कॉन्फरन्सला का जातात, याचं अर्धं उत्तर इथे आहे. अर्धं जेवणात.

या दोन भडक्यांनंतर कंपन्या शहाण्या झाल्या. नंतरच्या बहुतेक सर्टिफिकेटांना मुदत पहिल्या दिवसापासून असते, म्हणजे कुणी म्हणायला नको की करार बदलला. एडब्ल्यूएसने २०१३ मध्ये परीक्षा सुरू केल्या त्या दोन वर्षांच्या मुदतीनेच. पुढे ती तीन वर्षं केली. रेड हॅट तीन वर्षं. सिस्कोने २०२० मध्ये सगळी फेररचना करताना सीसीआयईची मुदतही दोनवरून तीनवर नेली आणि परीक्षेऐवजी कोर्स करून क्रेडिट मिळवायची वाट सगळ्यांना खुली केली. उलट कुबरनेटीसच्या सीकेएची मुदत १ एप्रिल २०२४ पासून तीनवरून दोन वर्षांवर आली.

मायक्रोसॉफ्टचं तर लंबकासारखं झालंय. २००१ मध्ये मुदत नाही म्हणाले. २०१२ मध्ये एमसीएसईची लघुरूपं तीच ठेवून पूर्ण नाव बदललं आणि तीन वर्षांची मुदत आणली. २०१६ मध्ये ती काढली. मग २०१८ पासून कामाच्या भूमिकेनुसार सर्टिफिकेटं आणली, दोन वर्षांची, आणि पुढे एमसीएसईच मोडीत काढली. आणि २०२१ पासून मुदत एक वर्ष! ऐकून धक्का बसतो, पण त्याबरोबर नूतनीकरण फुकट केलं. घरी बसून, ऑनलाइन, पुस्तक उघडं ठेवून छोटी चाचणी द्यायची, तीही मुदत संपायच्या आधीच्या सहा महिन्यांत कधीही. नापास झालात तर पुन्हा द्या. मामाच्या ७०-२४० च्या शेजारी हे ठेवून बघा. मुदत लहान झाली तरी कुणी पेटून उठलं नाही. माझ्या मते लोकांचा राग कधी मुदतीवर नव्हताच; तो पैशावर, आणि मागे जाऊन बदललेल्या शब्दावर होता.

पण 'पैसे उकळायचा धंदा' म्हणणारा आमचा मित्र पूर्ण चूक आहे असं नाही. एक गोष्ट कॉलेजमध्ये कुणी सांगत नाही. तुमची कंपनी एखाद्या क्लाऊडवाल्याची पार्टनर असेल, तर तिची पायरी ठरताना किती कर्मचारी प्रमाणित आहेत हेही मोजलं जातं. टेंडरमध्येही ही डोकी मोजतात. मग मुदत संपायच्या आधी एचआरचा मेल येतो, टीम लीड विचारतो, एक्सेलमध्ये तुमच्या नावासमोर लाल रंग येतो. तुम्हाला ते शिकायचंय की नाही, हा प्रश्न त्यात कुठेच नसतो. आणि मग काय होतं? डम्प. रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, दुसऱ्या दिवशी दुपारी पास. एमसीएसईच्या काळात अशांना 'पेपर एमसीएसई' म्हणायचे, कागदावरचे इंजिनियर. माणूस ताजा राहावा म्हणून मुदत आणली, आणि डम्पवाल्यांना दर तीन वर्षांनी तेच गिऱ्हाईक परत मिळालं. ज्या परीक्षांमध्ये हाताने काम करून दाखवावं लागतं, सीकेएसारख्या, दोन तास समोर टर्मिनल आणि चालू क्लस्टर, तिथे हा रोग कमी आहे. म्हणून अशा सर्टिफिकेटाची मुदत मला कमी बोचते.

आणि खर्च कुणाचा, हेही विचारा. एडब्ल्यूएसची असोसिएट परीक्षा १५० डॉलरची, म्हणजे टॅक्स धरून आपल्याकडे बारा हजारांच्या वर. आधी पास असाल तर पुढच्या परीक्षेला निम्मी सूट मिळते. आठ वर्षं नोकरी केलेल्याला हे जाणवणार नाही. पण वर्षाला साडेतीन लाखांवर लागलेल्या फ्रेशरला, जो पीजीचं भाडं भरून गावी पैसे पाठवतो, त्याला विचारा. कंपनीच्या टेंडरसाठी सर्टिफिकेट हवं असेल, तर बिलही कंपनीनेच भरावं, आणि 'आधी स्वतः भर, पास झालास तर देऊ' यातला 'पास झालास तर' हा भाग लेखी मागून घ्यावा. माझ्या पहिल्या नोकरीत मी पास होऊनही पैसे मिळायला सात महिने लागले होते, कारण मधल्या काळात पॉलिसी बदलली. कंपनीचं नाव सोडा, आता तिथे माझ्या ओळखीचं कुणी नाही.

तर माझ्या त्या मेलचं काय केलं? माझ्याकडे सध्या तीन सर्टिफिकेटं आहेत. क्लाऊडचं रिन्यू करणार, कारण मी रोज त्याच कामात आहे आणि या वेळी पैसे कंपनी आधी भरतेय. मेल लेखी आहे, स्क्रीनशॉटही काढून ठेवलाय. फुकट नूतनीकरण होणारं जे आहे ते एखाद्या रविवारी बसून करीन. तिसरं एका डेटाबेसचं आहे, ज्याला मी अडीच वर्षांत हातही लावलेला नाही. ते जाऊ देणार. रिझ्युमेमध्ये त्याच्यापुढे पास झाल्याचं साल लिहिलंय आणि कुठली आवृत्ती तेही, मामाच्या एनटी ४.० सारखं.

मामा आता त्या कारखान्यात नाही. सीसीटीव्ही आणि नेटवर्किंगचा स्वतःचा धंदा करतो, सिडकोत दुकान आहे. परीक्षा कधीच सोडल्या. गेल्या दिवाळीला गेलो तेव्हा बघितलं, फ्रेमची काच एका कोपऱ्यात तडकलीये आणि आजी गेल्यापासून ती देवघराजवळून हॉलमध्ये आलीये, टीव्हीच्या वर. मी त्याला म्हटलं, 'मामा, तुला माहितीये का, हे अजून व्हॅलिड आहे.' तो म्हणाला, 'मग? हप्ते मी २००३ पर्यंत भरलेत.'

चला, आजच्या भागात एवढंच. माझी परीक्षा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे, त्यामुळे पुढचा भाग एक आठवडा उशिरा येईल.